जुळाऱ्याचा पेन ड्राइव्ह

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

आज कॉम्प्युटरवर एकशे एकवीस पानं टाइप करून पुरी झाली. राहिली सत्तेचाळीस. मोहिनीचं अक्षर म्हणजे गुळाला लागलेल्या मुंग्या – पण तिच्या बापाने याहून वाईट अक्षरं वाचलीत. एकतीस वर्षं प्रेसमध्ये शिशाचे खिळे जुळवले, उलटी अक्षरं सुलट वाचली. प्रेस बंद पडला, खिळे वजनावर गेले, म्हणून डोळे काही गेले नाहीत.

पान टाइप झालं की कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची टिकली. ही प्रेसमधली सवय. टिकली नाही ते पान झालं नाही, मग कोणी काहीही सांगो. चांगुणा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पानाला टिकली लावतात, बायकोला आणून देत नाय कधी." आणून देईन. आधी पोरीचं होऊ दे.

पोरगी एम.फिल. करतेय. भोये घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिलीच. विषय – आमच्या सुरगाण्याकडची भात लावतानाची गाणी. निम्मी गाणी चांगुणाच्याच तोंडची. म्हणजे आई गाते, पोरगी लिहिते, बाप जुळवतो. घराबाहेरचं माणूस लागलंच नाही. कोणाच्या घरात आहे असं?

३१ मार्चला प्रबंध विद्यापीठात गेला पाहिजे. गेला तर जूनपासून कळवणच्या कॉलेजात शिकवायची जागा तिची. नाही गेला तर दुसऱ्या कोणाची तरी. तसं कॉलेजवाल्यांनी तिला तोंडावर सांगितलंय.

१८ फेब्रुवारी, शनिवार

मोहिनी पुण्याहून आली. येताना पेन ड्राइव्ह आणला. करंगळीएवढा! म्हणाली, "बाबा, अख्खा प्रबंध यात मावतो, वर असे शंभर मावतील." जुळवलेल्या खिळ्यांचा एक फर्मा उचलायला आम्हाला दोन माणसं लागायची, तेही कंबर सांभाळून.

तिने पहिलं प्रकरण त्यात घालून दिलं. ते घेऊन अशोकस्तंभाजवळ मयूरच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, प्रिंट, बाइंडिंग असं दुकान, पोरगा हुशार. त्याने फाइल उघडली तर सगळं चिन्हांचं कडबोळं. तो म्हणाला, "काका, फाइल बिघडलीय." मी म्हटलं, फाइल नाही बिघडली. तुझ्याकडे आमचा टाइप नाही. घरी आलो, मोहिनीला म्हटलं, फॉण्टसुद्धा यात घाल. परत गेलो. एकूण एक वेलांटी जागेवर! मयूर म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, शिशाने.

जाताना मोहिनीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'मोहिनी' नावाचं एक चित्र ठेवून दिलं. "रोज डी ड्राइव्हमध्ये जाऊन शोधत बसू नका. इथे दोनदा दाबलं की सगळी प्रकरणं समोर." पेन ड्राइव्ह माझ्याकडेच ठेवला. तो मी सुतळीला बांधून गळ्यात घातला. चांगुणा हसली. हसू दे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार म्हणून कॉम्प्युटरचं डीफ्रॅग केलं. हे मला फार आवडतं. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून आपल्या घरात जाऊन बसतात. छापून झालं की आम्ही खिळे लाकडी केसमध्ये परत टाकायचो, 'क' 'क'च्या घरात, 'ल' 'ल'च्या घरात – अगदी तसं. तासभर बघत बसलो.

५ मार्च, रविवार

संपला. एकशे अडुसष्ट. शेवटची टिकली जरा मोठीच काढली.

११ मार्च, शनिवार

प्रूफ दोनदा वाचून झालं. आज सगळा प्रबंध पेन ड्राइव्हमध्ये घातला – माझा मी, कोणाला न विचारता! आधी त्यातलं जुनं पहिलं प्रकरण पुसलं, मग 'मोहिनी'चं चित्र उचललं, पेन ड्राइव्हवर नेऊन सोडलं. पापणी लवायच्या आत गेलं. एवढ्या लवकर? म्हणून पेन ड्राइव्ह उघडून, त्यातल्या 'मोहिनी'वर दोनदा दाबून बघितलं. सातही प्रकरणं हजर. एकेक उघडून शेवटची ओळ वाचली. तपासल्याशिवाय माल सोडत नाही मी.

मग घरचा मजकूर सोडला. काम छापून गेलं की फर्मा मोडायचा, खिळे घरात, टेबल मोकळं. उभा मजकूर ठेवणारा जुळारी आळशी, असं आमचे मालक म्हणायचे. सगळी प्रकरणं निवडून पुसली, कचऱ्याचा डबा रिकामा केला, वर डीफ्रॅगही केलं. कॉम्प्युटर लख्ख. पुस्तक माझ्या गळ्यात!

पुस्तकावरून आठवलं. एकतीस वर्षांत किती पुस्तकं जुळवली याचा हिशेब नाही. आतल्या पानावर प्रकाशकाचं नाव असतं, मालकाचं असतं, चित्र काढणाऱ्याचं असतं. ती सगळी नावं मीच जुळवायचो. माझं कधी आलं नाही. तक्रार नाही, रीतच तशी. पण हे पुस्तक पोरीचं आहे, त्यात भोये हे नाव छापलं जाणार. बास.

१३ मार्च, सोमवार

काय लिहू.

प्रिंट काढायला मयूरकडे गेलो. त्याने पेन ड्राइव्ह लावला. "काका, यात काही नाही." मी म्हटलं, नीट बघ, मी स्वतः तपासलंय. "बघितलं. फॉण्ट आहे, आणि एक शॉर्टकट. दारावरची पाटी काढून आणलीत तुम्ही, घर घरीच राहिलं." घरी उघडलं तेव्हा पाटी मागे बोट दाखवत होती आणि मी घरातलाच मजकूर बघत होतो. मयूर हसला. "त्यात काय, घरी जाऊन परत कॉपी करा."

मी काय केलंय ते त्याला सांगितलं. त्याचं हसू गेलं.

दुकान बंद करून माझ्याबरोबर पेठ रोडला घरी आला, दोन तास खटपट केली. "डबा रिकामा केला तरी काहीतरी निघतं, काका. पण डीफ्रॅगने त्या जागांवर दुसरंच आणून बसवलं. ते कशाला केलंत?" शनिवार होता म्हणून केलं. दुसरं काय सांगणार? तीन-चार तुकडे निघाले, तेही अर्धे कडबोळं. चहासुद्धा न घेता गेला पोरगा.

एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही फर्मा सांडला नाही. दुसऱ्यांचे सांडले, ते मी गोळा केले. आणि सांडला तो पोरीचा. स्वतःचाच राग येतोय. शहाणा समजतो ना मी स्वतःला! मोठा आलाय टेबल मोकळं करणारा.

मोहिनीला फोन लावायला खाली वाण्याकडे गेलो. नंबर फिरवला आणि ठेवला. सांगितलं तर सगळं टाकून धावत येईल, रडेल, त्यात दोन दिवस जातील. हे खरंच. पण खरं कारण वेगळं आहे – लाज वाटते.

हस्तलिखित आहे. हात आहेत. ती शनिवारी, २५ला प्रिंट घ्यायला येणार. अकरा दिवस. रोज सोळा पानं. पहिल्या वेळी चार महिने लागले होते.

१४ मार्च, मंगळवार

सतरा पानं. तांबडी टिकली प्रत्येक पानावर आधीच आहे, तिचा उपयोग नाही. म्हणून निळी पेन्सिल आणली. आता तांबडीशेजारी निळी.

चांगुणाने बघितलं. "झालेलं परत काय करताय?" मग सांगावंच लागलं. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाली, "पोरीला मी नाय सांगायची. तुम्ही बसा." आणि भाकरी तिथेच आणून ठेवली.

१६ मार्च, गुरुवार

मोहिनीचा फोन, खालच्या वाण्याकडे. "बाबा, प्रिंट झाली?" म्हटलं, मयूरचा प्रिंटर बिघडलाय, होईल. खोटं बोललो. पोरीशी पहिल्यांदाच. आज बारा पानंच झाली, मान वर होत नाही.

१९ मार्च, रविवार

रंगपंचमी. अख्खी पंचवटी रंगात, रहाडीच्या हौदात उड्या मारायला पोरं पळतायत. आम्ही खिडकी लावून आत. गाण्यांचं प्रकरण आलंय. वाचून टाइप करण्यापेक्षा ऐकून करणं सोपं. म्हणून चांगुणा गाते, मी टाइप करतो. तिला वाचता येत नाही, पण एक ओळ चुकू देत नाही. एका गाण्यात मोहिनीने 'वरल्या शेताला' असं लिहिलंय, मीही पहिल्या वेळी तसंच टाइप केलं होतं. ही गाता गाता थांबली. "वरल्या नाय, खालल्या. वरल्या शेतात भात कुठं होतो? तिथं नागली." चार महिने मी आणि एक एम.फिल.वाली, दोघांनी ते तसंच जाऊ दिलं! दुरुस्त केलं.

एकोणतीस पानं झाली आज. तरणा होतो तेव्हाही एवढी झाली नसती. हिचा आवाज अजून तसाच आहे. हे मी तिला सांगितलं. तिने कामाकडे बघायला सांगितलं.

२२ मार्च, बुधवार

पाठ. बोटं. एकशे एकेचाळीस.

२४ मार्च, शुक्रवार

दुपारी चार वाजता शेवटची निळी टिकली.

आता चित्राला हात लावला नाही. डी उघडलं, आतलं खरं घर धरलं, कॉपी केलं, पेन ड्राइव्हमध्ये चिकटवलं. या वेळी हिरवी पट्टी सावकाश सरकली. सरकू दे. घरी तपासलंच नाही. आपल्याच कॉम्प्युटरवर तपासणं म्हणजे काय ते मला कळलंय. तडक मयूरकडे गेलो. त्याने लावलं, उघडलं आणि खुर्चीत मागे टेकून बसला. "सगळं आहे, काका. अकरा दिवसांत केलंत? एकट्याने?" मी म्हटलं, दोघांनी. त्याच्याही कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवायला सांगितली. घरचा मजकूर उभा आहे. मालकांनी आळशी म्हटलं तरी चालेल, हा मी मरेपर्यंत सोडणार नाही.

प्रिंट सुंदर आली. पहिल्या वेळच्या जुळणीपेक्षा चांगली. समास एकसारखे, एक ओळ कुठे लोंबत नाही. खोटं कशाला बोलू – रस्त्यात थांबून दोनदा उघडून बघितली.

२५ मार्च, शनिवार

मोहिनी आली. प्रिंट चाळली, "बाबा, किती देखणं केलंत" म्हणाली. माझी छाती हातभर फुगली. चांगुणा चुलीकडे तोंड करून बसली होती.

मग हस्तलिखिताचा गठ्ठा मागितला, तिच्या मार्गदर्शक मॅडमना मूळ पानं बघायचीत म्हणून. सुतळी सोडून बराच वेळ पानं उलटत बसली. एका पानाच्या कोपऱ्यातल्या दोन टिकल्यांवरून बोट फिरवलं. गाण्याच्या पानावर थांबली, प्रिंटमधलं पान काढून शेजारी ठेवलं, आईकडे बघितलं. परत सुतळी बांधली.

निघताना म्हणाली, "ऋणनिर्देशाचं एक पान राहिलंय. ते मी पुण्यातच टाइप करून घेते."

म्हटलं, मला दे, दहा मिनिटांचं काम. "नको बाबा, तिकडेच करते."

एकशे अडुसष्ट पानं मी करायची आणि एक पान परक्याने! माझ्या कामात काय खोट दिसली? जेवण गेलं नाही.

३१ मार्च, शुक्रवार

फोन आला. दिला प्रबंध! शिक्का मारलेली पोच हातात आहे म्हणाली. कळवणच्या कॉलेजलाही कळवलं. वाण्याला पेढे दिले, मयूरला दिले, घरमालकाला दिले. चांगुणाला टिकल्यांचं पाकीट आणलं. एका पानाचं मनात अजून आहे, पण आज नको.

१६ एप्रिल, रविवार

मोहिनी बाइंडिंग केलेली प्रत देऊन गेली. काळं कापड, सोनेरी अक्षरं. ती एसटीत बसल्यावर ऋणनिर्देशाचं पान उघडलं. टाइप भलताच, ओळी दाटलेल्या, कोणा अडाण्याचं काम. शेवटची ओळ –

'अक्षरजुळणी (दोन्ही वेळा) : जयराम सहादू भोये, माझे वडील.'

डावा कंस वाकडा बसलाय. असू दे.