होडी लोटली गेली

कोपनहेगन

आईस किर्स्टीनचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे?

आपल्या गावच्या जीवरक्षक होडीच्या इतिहासाचं पुस्तक आमच्याच छापखान्यात शिवायला आलंय. मजकूर बाबांनी सांगितलाय. मी त्या वादळाचं पान काढलं. होडी पाण्यापर्यंत ओढून नेणारे घोडे बुजून मागे फिरले, तेव्हा तुम्ही बायकांनी छातीभर पाण्यात शिरून होडी लोटलीत. पुस्तकात एवढंच आहे, ‘होडी लोटली गेली.’ तुझा खोकला त्या दिवसापासूनचा.

मुकादमांना दाखवलं तर म्हणाले, “किनाऱ्यावर बायका असायच्याच. त्यांचं काय लिहायचं?”

लोकरीची शाल पाठवतेय, ठेवून देऊ नकोस, वापर. आणि बाबांना सांग, दोन्ही घोड्यांची नावं अगदी बरोबर छापली आहेत.

तुझीच,
किर्स्टीन