कृपया हात लावू नये

बुधवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, हे दर वेळी लिहिते तसंच लिहिलंय. पुढचं मात्र नीट वाच.

संग्रहालयात दर मंगळवारी म्हाताऱ्या माणसांसाठी नवा उपक्रम सुरू झालाय. काचेआडच्या वस्तू त्यांच्या हातात द्यायच्या आणि त्यांना बोलतं करायचं. सगळा कारभार माझ्याकडे. काल एका आजींनी कोळशाची इस्त्री उचलली आणि भाजलेल्या बोटाची गोष्ट सांगत सगळ्यांना हसता हसता रडवलं. साहेब जाम खूश.

तू विचारलं होतंस, रोज संग्रहालयात यायचे ते आपले बाबा अचानक यायचे का थांबले? मी गुडघेदुखीचं लिहिलं. थाप होती ती. बाबा अजून दूध घेऊन तीन जिने चढतात.

उन्हाळ्यात झालं ते. साहेब पाहुण्यांना छापखान्याचं दालन दाखवत होते, मी मागे. बाबा दोरीवरून वाकलेले. मांडलेल्या ओळीत अक्षराचा एक खिळा उलटा बसला होता. चाळीस वर्षं शिशाची अक्षरं जुळवलेला माणूस, हात आपोआप गेला. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. आम्ही तिथे सगळ्याच म्हाताऱ्यांना 'आजोबा' म्हणतो. मीही म्हटलं, "आजोबा, हात लावू नका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं, मॅडम," म्हणाले आणि निघून गेले. घरी त्यावर अवाक्षर नाही. तुलाही फोनवर गुडघ्यांचंच सांगतात ना? मला पाठीशी घालतात गं ते. फार लाज वाटते.

काल हातापाया पडून त्यांना आणलं. ठेवणीतला सदरा घालून आले. खिळे हातात आले तसे तासभर बोलले, सगळे ऐकत बसले. साहेबांनी विचारलं, "यांना कुठून शोधून काढलंत?" मी नुसती हसले. आता तरी काय झालं होतं माझ्या जिभेला?

संध्याकाळी आलेल्यांचे अर्ज लावत होते. 'सोबत कोण आलं आहे?' या रकान्यात बाबांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'कोणी नाही'. ताई, आम्ही एकाच बसने आलो होतो. शेजारी शेजारी बसून.

पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर 'बाबा' अशी हाक मारणार आहे. ते वळून बघतील ना गं?

तुझी, आणि त्यांनी अजून मानलं तर त्यांचीही,
धाकटी