डॉट फोर, सीलबंद

प्रिय ठिणगी,

मंगळवारी तू दुकानात फोन करून विचारलंस, ‘बाबा, गाडीत ब्रेक ऑइल कुठलं घालू?’ आणि मी ‘डॉट फोर, सीलबंद डबा घे’ एवढं बोलून फोन ठेवून दिला. त्यावरून आईनं मला असं काही फैलावर घेतलं की विचारू नकोस. ‘दीड वर्षानं पोरीनं तुम्हाला काही विचारलं, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगावा तसा माल सांगितलात?’ मी म्हटलं, काउंटरवर माणसं उभी होती. पण मंगळवारी दुपारी आपल्या दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. खरं सांगतो, आणखी एक शब्द बोललो असतो तर रडूच आलं असतं. आणि क्लच प्लेटा विकणाऱ्या माणसानं फोनवर रडणं काही बरं दिसत नाही.

म्हणून आता नीट उत्तर देतो. डॉट तीन आणि डॉट चार ही एकाच कुळातली ऑइलं, पण तुझी गाडी चारची आहे, तर चारच घालायचं. पाच नंबर सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. इंजिन ऑइल तर थेंबभरही नाही, आतली रबरं फुगून बसतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ दुकानात येऊन म्हणाले, ‘तेल ते तेल, द्या कुठलंही.’ मी त्यांना माल न देता खुर्ची दिली आणि चांगला अर्धा तास डोकं खाल्लं. आई म्हणते, अशानं एक दिवस दुकानात आपण दोघंच उरू. उरू तर उरू, पण त्या गृहस्थांचे ब्रेक लागतील.

आणि सीलबंद का, तर हे ऑइल हवेतलं पाणी पितं. एकदा डबा उघडला की झाकण कितीही घट्ट लाव, त्याचा भरवसा धरायचा नाही. तुझ्या काकाला ते कधीच पटलं नाही. उरलेलं सगळं तो एका बरणीत ओतून ठेवायचा, वाया जाऊ नये म्हणून, आणि वर्षभरानं तेच गाडीत घालायचा. पाणी मुरलेलं ऑइल लांबच्या उतारावर तापून उकळतं, आत बुडबुडे होतात, आणि पाय दाबावा तर पेडल थेट तळाला. काका डोंगरउतारावर भाताच्या शेतात उतरला तो असा. सुदैवानं चिखल खोल होता. तेव्हापासून तोही सील बघून डबा घेतो, पण कारण विचारलं की विषय बदलतो.

पेडल मऊ लागतंय, असं तू त्या फोनवर घाईघाईनं म्हणालीस ना, तेच नंतर माझ्या डोक्यात घोळत राहिलं. तू शिकवतेस त्या शाळेचा रस्ता सगळा उताराचा. म्हणून मीच आईला संध्याकाळी तुला फोन करून सांगायला लावलं की गाडी जागची हलवू नकोस. तू ‘बरं’ म्हणालीस आणि चालत शाळेत जाते आहेस, हे ऐकलं तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

तुला आठवतं का, ब्रेकमधली हवा काढायला मी तुलाच बसवायचो? पाय पुरावा म्हणून पाठीशी दोन उश्या, आणि मी गाडीखाली पाना घेऊन आडवा. ‘दाब’ म्हटलं की दाबायचं, ‘धर’ म्हटलं की धरून ठेवायचं, आणि मी खाली नट आवळला की मग ‘सोड’. एकदा तू मांजर बघायला मध्येच पाय काढलास, हवा परत आत गेली, आणि सगळं पहिल्यापासून. मी खालून ओरडलो, तर तू वरून विचारलंस, ‘पण बाबा, हवा दिसत नाही, तर ती गेली हे तुम्हाला कसं कळतं?’ प्रश्न विचारून तू मला भंडावून सोडायचीस. मला वाटायचं, ही पोर दुकान सांभाळेल. पाटीवर तुझं नाव घालायला रंगसुद्धा आणला होता.

मग तुला डोंगरापलीकडची ती शाळा मिळाली आणि आपलं वाजलं. तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘यापुढे मी तुम्हाला काही म्हणजे काही विचारणार नाही.’ आणि खरंच विचारलं नाहीस. टायर बदललेस, बॅटरी बदललीस, मला सगळं आईकडून कळायचं. हट्टीपणात तू माझ्यावर गेलीस, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू?

आता खरी गोष्ट. कुठलं ऑइल घालायचं, ते गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच ठसठशीत लिहिलेलं असतं. शाळेचं पुस्तक वाचायच्या आधी तू ती झाकणं वाचायचीस. म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं, आणि तरी तू मला विचारलंस. फोन ठेवल्यावर हे लक्षात आलं आणि फार हलकं वाटलं. जुनं ऑइल काढून नवं भरणं हे काही एकट्याचं काम नव्हे, तेव्हा रविवारी पहिल्या बसनं मी येतो आहे. हे पत्र तुला मिळेपर्यंत तुला काही सांगू नकोस, असं आईला बजावलंय, बघू तिच्या पोटात किती राहतं ते. पाना, रबरी नळी आणि डबा घेऊन येतो, सील तुझ्यासमोरच फोडू. तू पेडलवर बस, मी खाली असेन. काम दुपारपर्यंत उरकेल, पण तुझे दीड वर्षाचे प्रश्न साठले असतील, म्हणून परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझाच,
गाडीखालचा बाबा