बाजेखालचा डबा

मंगळवार, श्रावण, १९७९

नात झाली तवापासून माहं हसू थांबत नाही, नाक तं माह्यावरच गेलं! पण आज सांजी भलतंच झालं. बाळंतीण सुनेले शेक द्याले निखाऱ्याची शेगडी बाजेखाली जरा आत सरकवली, तं डब्याले टेकली. उघडून पाह्यलं तं आत रानडुकरांसाठी माह्या बुढ्यानं घरी भरलेली काडतुसं!

"अजी, इथं काहून ठेवलं हे?"

"पावसात बारूद ओली होते ना वं. शेकाची खोली कोरडी राह्यते."

कोरडी पाह्यजे, मान्य. पण निखाऱ्याजवळ? डबा उचलून थंड कोठीत कुलपात ठेवला. किल्ली माह्या गळ्यात हाय. बुढा फुगून जेवला नाही. म्हणे, "एवढे दिवस काही झालं का?"

एवढे दिवस! म्हणजे नात जन्मली तवापासून डबा तिथंच, अन् रोज शेगडी मीच सरकवत होती.