ऑप्शनला टाकलेली कविता

२ जानेवारी
संकल्प: दहावी 'ब'चा मराठीचा निकाल शंभर टक्के. वर्गात चिडायचं नाही.

आज निजामभाई शाळेत आले. आमच्या मदिहाचे वडील. बाजारात गाद्या-रजया भरायचं दुकान आहे, केसांत कापूस घेऊनच आले. म्हणाले, मास्तर, पोर बाकी विषयमा हुशार शे, मराठीमाच अडकस. पास व्हयनी तं अकरावीले घालसू, नई व्हयनी तं सुरतले फुफीकडे शिलाईना कामले धाडी दिसू. आपल्या बहिणीला तसा शब्दच देऊन बसलेत. मी म्हटलं, मराठी माझ्यावर सोडा, माझी गॅरंटी. माझा हात दोन्ही हातांत धरून गेले. शिक्षकाला आणखी काय हवं!

९ जानेवारी
शेवटची कविता सुरू केली. मुक्तछंद. म्हणजे ना यमक, ना चाल. एक बाई दिवसभर कापूस वेचते, संध्याकाळी वजनकाट्यावर ओटी रिकामी करते आणि हसते. संपली कविता. पवन म्हणाला, सर, हाई कवितामा काहीच व्हत नई. पोरगं उडाणटप्पू आहे, पण मुद्द्याचं बोललं.

मदिहाने हात वर केला. ती का हसते, म्हणे. मी म्हटलं, कवीला तसं वाटलं म्हणून. तर म्हणते, पण सर, बाईला काय वाटलं? वर्ग खी-खी करायला लागला. मी तिला उभं केलं. मग संकल्प आठवला, खाली बसवलं.

घरी गाइड उघडलं. 'श्रमसंस्कृतीचे हृद्य दर्शन.' हसण्याचा पत्ता नाही. स्वतः वाचून पाहिली. उद्या डोकं ताजं असताना बघू.

१० जानेवारी
डोकं ताजं नव्हतं.

११ जानेवारी
निर्णय: ही कविता ऑप्शनला. एवढ्याशा कवितेवर पेपर काढणारा प्रश्न तरी काय काढणार? याला अनुभव लागतो. तास सुरू होताच स्टेपलर काढला आणि सगळ्यांच्या पुस्तकातली ती दोन पानं पिना मारून बंद करून टाकली. ऐन परीक्षेत मोह नको. पोरं जाम खूश. मदिहाने पुस्तक पुढे केलं नाही. घरी राहिलं म्हणाली. दप्तराच्या तोंडातून दिसत होतं. मी बोललो नाही. मोठेपणा लागतो.

२१ जानेवारी
मधल्या सुट्टीत मदिहा पुन्हा स्टाफरूममध्ये. सर, तेवढी कविता सांगा. परवा मला खोकला होता, काल निवडणुकीचं ट्रेनिंग, आज डबा खात होतो. माणसाने जेवायचं की नाही?

तेवढ्यात नववीचे नवीन मराठी शिक्षक दिनेश पाडवी मध्ये पडले. हे गृहस्थ कविता वाचून दाखवतात आणि चक्क गप्प बसतात. मग पोरं आपापसात अहिराणीत, पावरीत भांडतात. याला शिकवणं म्हणायचं तर भाजीबाजाराला विद्यापीठ म्हणा! म्हणाले, सर, शनिवारी तिला माझ्या तासाला बसू द्या, मी घेतो ती कविता. मी गोड हसून नको म्हटलं. माझी विद्यार्थिनी दुसऱ्याच्या वर्गात? वीस वर्षं काय गोट्या खेळलो इथे?

मदिहाला बजावलं, डोकं लढवू नकोस, बाकीच्या कवितांची रसग्रहणं घोक. पहिलं वाक्य तर कुठल्याही कवितेला चालतं: 'कवीने मोजक्या शब्दांत प्रभावी आशय मांडला आहे.' तिने मान हलवली. पुन्हा आली नाही. समजलं बहुतेक.

५ फेब्रुवारी
सराव परीक्षेचे पेपर तपासले. मदिहाचं उत्तर तंतोतंत माझ्या नोट्ससारखं. स्वतःचा एक शब्द नाही. महिन्याभरात केवढी सुधारली पोरगी!

२१ फेब्रुवारी
आली. बोर्डाला तीच आली.

पवनने गेटवरच सांगितलं, विश्वास बसला नाही. त्याचा पेपर हिसकून पाहिला. 'बाई का हसली असावी, ते तुमच्या शब्दांत लिहा.' हे काय विचारणं झालं? ही काय परीक्षा आहे की गप्पांचा फड?

मदिहा उशिरा बाहेर आली. काय लिहिलंस विचारलं. म्हणाली, तुम्ही सांगितलेलं वाक्य लिहिलं सर, पुढे काही सुचलं नाही. आधी सुचायचं, आता सुचत नाही म्हणाली. मी म्हटलं, मार्क मिळतात त्यालाही.

जेवण गेलं नाही. मला भीती वाटते आहे. पित्तही असेल.

९ मार्च
निजामभाईंनी शाळेत उशी पाठवली. माझ्या खुर्चीसाठी, स्वतः भरलेली, मऊ. मास्तरनी लई मेहनत करी, असा निरोप. घेतली. परत केली असती तर त्यांना शंका आली असती.

१३ मे
निकाल. मदिहा नापास. फक्त मराठीत. गणित, विज्ञान सगळं सुटलं आणि मराठीत चार मार्कांनी गेली. तशी पुष्कळ पोरं काठावर सुटली, पवनसुद्धा.

तरी एका विषयात नापास म्हणजे जवळजवळ पासच. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा आहे. उद्या सकाळीच दुकानावर जाऊन सांगतो.

१४ मे
ऊन भयंकर. लू लागून मास्तर मेला तर कोणाचं भलं?

१८ मे
कळसाडीला मेव्हणीकडे लग्न. जावंच लागतं.

२६ मे
गाडी पंक्चर. दुकान पायी जाण्याइतकं जवळ आहे, पण घामेजलेल्या तोंडाने गंभीर विषय काढू नये.

२ जून
गेलो. सौ. म्हणाली, जाताय की मीच जाऊ? म्हणून गेलो.

निजामभाईंनी पिंजण्याचं मशीन बंद केलं, स्टूल पुसून दिलं. गॅरंटीचा विषयच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मी एटीकेटीचं सांगितलं. रोज संध्याकाळी फुकट शिकवतो म्हटलं, सगळ्या कविता, एकही न सोडता. ते ऐकून घेऊन म्हणाले, मास्तर, परवानं तिकीट काढेल शे. पन पोर हा म्हनी तं मी बहीनले फोन करी शब्द परत लेसू. पोरले विचारा.

मदिहा पाणी घेऊन आली होती. दाराशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, सर, तुम्हाला स्वतःला कोणती कविता आवडते? मी म्हटलं, सगळ्याच. ती म्हणाली, एक सांगा ना. मी म्हटलं, सांगतो ना, अशी घाईत कशी सांगू. ती थांबली. निजामभाईही माझ्याकडे बघत थांबले. पाणी पिऊन झालं तरी मी ग्लास तोंडाला धरून होतो.

मग ती वडिलांना म्हणाली, अब्बा, मी फुफीकडेच जाते. आवाज चढवला नाही, रडली नाही. निजामभाई मला सोडायला रस्त्यापर्यंत आले.

४ जून, सकाळी
सुरतची गाडी नऊला होती. ठरवलं: स्टेशनवर जायचं, कवितेचं नाव सांगायचं, पोरगी उतरवून आणायची. सोपं आहे.

सातपासून पुस्तकं काढून बसलो, जुन्या अभ्यासक्रमांची धरून. प्रत्येक कवितेवर माझंच पेन्सिलीचं अक्षर: 'महत्त्वाची', 'कमी महत्त्वाची', 'आली होती', 'येणार नाही'. एक घेतली, वाटलं हीच. मोठ्याने वाचायला लागलो तर दुसऱ्या ओळीलाच मनात प्रश्न तयार, आठ मार्कांचा. ठेवून दिली. दुसरी घेतली. सौ.ने विचारलं, काय हरवलं? म्हटलं, शाळेचं काम आहे.

साडेआठला शर्ट घातला. निदान एखादं नाव ठोकून द्यावं असं ठरवलं. पण तिने पुढे विचारलं असतं, का आवडते? बुटांची नाडी बांधत बसून राहिलो. नऊची गाडी गेली.