एजंटाले पोळ्याचं आवतन

प्रिय विमलताई,

तुह्या धाकटीनं, निशिगंधेनं, वणीवरून तुह्या पायावर डोक्सं ठेवलं असं समज. भाऊजीले नमस्कार. (त्यायले पत्र वाचून दाखवशील तं इथवरच दाखव, पुढचं तुह्यासाठी आहे.) तुही कंबर कशी आहे? भाऊजीचा खोकला गेला का? बैलजोडी नीट खाते का? बैलायची चौकशी मी उगाच नाई करून राह्यली, ते पुढं येईन. इथं आम्ही सारे बरे आहोत. पोट्टीले दात येऊन राह्यले, जे हाती येईन ते चावते. मी मातर घाबरून घाबरून अर्धी झाली. तू म्हणशील, हातात फोन असून पत्र कायले. ताई, फोनवर मी आता फक्त "हो" अन् "बरं" म्हणते, अन् तेही विचार करून. माही शाळा चौथीत सुटली, तवा अक्षर चालवून घे.

तुले माहीत आहे, आमचे हे त्या पुंडलिकराव मालकाच्या ट्रान्सपोर्टमंदी आहेत. राजूरच्या खाणीवरून कोळसा उचलाचा, कोणती गाडी कुठं धाडाची, हे सारं हे फोनवर ओरडून करत. ओरडणं हेच यांचं काम असं समज. (घरी आले का बोलतच नसत, आवाज तिकडंच संपून जाये.) आता मालकाचा भाचा कपिल पुण्यावरून शिकून आला अन् त्यानं ऑफिसात एजंट बसवला. माणूस नाई बाप्पा, कम्प्युटरच्या आतला. पहिलेचा कम्प्युटर गरीब होता, जेवढं सांगतलं तेवढंच करे. याले नुसतं मतलब सांगा, बाकीचं हा आपल्या मनानं उरकते. गाडी धाडते, डिझेल बोलावते, ड्रायव्हरले फोन करते, ज्याचा कोळसा पोचला नाई त्याची माफी मागते. आवाज बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा. नवीन कल्पनाही तोच काढते. कोळसा उतरवून रिकाम्या येणाऱ्या गाड्यायमंदी कापसाच्या गाठी भरा, हे त्यानं काढलं. (हे म्हणते, मी किती वर्षापासून तेच सांगून राह्यलो होतो, पण मी सांगतलं का मालक चहा पीत राहे.) पहिल्या खेपेले गाठी कोळशानं काळ्या झाल्या, तं खाली ताडपत्री टाका, हेही त्यानंच काढलं, अन् मालकानं त्याची पाठ थोपटली. म्हणजे कम्प्युटरची. फुलचंद ड्रायव्हर म्हणते, "वहिनी, याच्यासंग भांडाची मजाच नाई. मी त्याले आई-बहिणीवरून बोललो, तं म्हणे, आपली नाराजी नोंदवली आहे."

आता भेवाची गोष्ट. मालकानं यांले सांगतलं, "गोपाल, पोळ्यापर्यंत तू याच्यावर नजर ठेव. तुह्याबिगर नीट चाललं, तं मग पाहू." ताई, हे "मग पाहू" काय असते ते मले पक्कं समजते. यांले ओरडण्याबिगर दुसरं काम येत नाई, अन् नुसतं ओरडाची नोकरी दुसरं कोणी देत नाई. मी भाकर थापता थापता पोट्टीच्या तोंडाकडं पाहो अन् तव्यावरची जळून जाये. हे म्हणे, जळकी भाकर पोटाले चांगली राहते. इतके गोड बोलाले लागले, तवा तं मी अजूनच भेली.

ऑफिसचा फोन संध्याकाळी यांच्यासंग घरी येते, म्हणजे एजंटच घरी येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे मातीचे बैल आणाले बजारात गेलते अन् फोन पाटावर राह्यला. आपल्या घरी बाबा खांद शेकत ते आठवते ना तुले? बैलाच्या खांद्याले हळद-लोणी चोळाचं अन् म्हणाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. इथं वणीत आमच्याजवळ ना वावर ना बैल. लोणी वाटीत, हळद कालवलेली, अन् खांदा कोणाचाच नाई. तेवढ्यात तो फोनमंदून बोलला, गाडी पोचली म्हणून. माह्या मनात आलं, बैलाइतकाच राबून राह्यला हा, बसत नाई, खात नाई. अन् खरं सांगू का, दुसरंही आलं, का याले राजी ठेवलं तं हा यांच्या पोटावर पाय नाई देणार. मी फोनले दोन्ही बाजूनं लोणी चोळलं, कुकू लावलं, हात जोडले अन् म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तो म्हणे, "निमंत्रण कोणाला द्यायचं आहे?" मी भेली. खोटं बोलू तं सणाच्या तोंडावर खोटं. म्हटलं, जे जे राबते त्या सगळ्यायले. तो म्हणे, "उद्याच्या कामाचं काय?" मी म्हटलं, पोळ्याले कोणी कोणाले जुंपते का बाप्पा, पाप लागते. तो म्हणे, "समजलं. व्यवस्था करतो." मले इतकं बरं वाटलं. इतक्या अदबीनं माह्यासंग आजवर यांच्या घरचं कोणीच बोललं नाई. (यांच्या आईले हे सांगू नको.) मंग लोणी फोनच्या भोकायमंदी जाऊन तो मुका झाला. हे रातभर खूश, म्हणे, आज एजंट लय शांत आहे.

सकाळी दार उघडलं तं दारात मांडववाला. त्याच्या मांगं टेम्पो. टेम्पोत चनाडाळ, गूळ, अन् बैलायचा कडबा अन् सरकीची ढेप, पोत्यावर पोते. पोळ्याच्या पाहुण्यायले काय वाढतात ते त्यानं कुठंतरी वाचलं असन, त्यात पुरणही होतं अन् ढेपही होती, त्यानं भेदभाव केला नाई. बैलाच्या झुली अन् घुंगरंही होते. मंग गाड्या येऊ लागल्या. मालकाच्या साऱ्या गाड्या कोळसा सोडून आमच्या गल्लीच्या तोंडाशी, अन् ड्रायव्हर नवे कपडे घालून खाली उतरून राह्यले. प्रत्येकाच्या फोनवर आमचा पत्ता अन् "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". डिझेलवाला आला. टायरवाला अब्दुल गनी बायकोले घेऊन आला. ज्याचा कोळसा अडकला तो गिऱ्हाईक भांडाले येणार होता, पण आवतन त्यालेही गेलतं, तं तो नारळ घेऊन आला. माह्या घरी ताई, ताटं चार आहेत, त्यातलं एक पोट्टी चावते.

मी मोरीत जाऊन बसली. तिथून मले अब्दुल गनीच्या बायकोनं, खैरुनबीनं, हात धरून काढलं. म्हणे, "निशी, पुरण बनाना मेरेकू नै आता. लेकिन इत्ते आदमी का खाना, ये कोई डरने की चीज नै है." अन् घरून मोठी देग आणून तिनं डाळ चढवली. फुलचंदनं कणीक मळली (कोळशाचे हात आहेत म्हणून मी दोनदा धुवाले लावले, तरी पोळ्या जराशा सावळ्याच झाल्या). बाकीच्यायनं झुली ट्रकायच्या तोंडावर घातल्या, आरशायले घुंगरं बांधले. हे मातर भिंतीले टेकून उभे. ओरडतही नव्हते.

तेवढ्यात मालक आले, संग कपिल. गाड्या कोणी थांबवल्या, इतकंच विचारलं. यांनी मान खाली घातली, म्हणे, मीच. मले वाचवाले. पण कपिलनं फोन पुसला अन् एजंटाले विचारलं, अन् तो मेला इतका इमानदार, का त्यानं माहाच आवाज सगळ्या गल्लीले ऐकवला. पोळ्याले कोणी कोणाले जुंपते का बाप्पा, पाप लागते. मालकानं फोन हातात घेतला, वास घेतला. म्हणे, हळद-लोणी आहे का? मी मान हलवली. मंग ते बसले ताटावर, अन् पोटभर जेवले. गिऱ्हाईकही बाजूलेच बसला होता, पण तोंडात पुरण असल्यावर भांडता येत नाई. हात धुता धुता मालक भाच्याले म्हणे, "कपिल, तुहा एजंट लय हुशार. पण याले आवतन कोणतं अन् हुकूम कोणता ते समजत नाई. बैलाले वेसण लागते." अन् यांले म्हणे, "गोपाल, आजपासून फोनवर तू 'होय' दाबल्याबिगर हा इकडची काडी तिकडं करणार नाई. ते तुहं काम, पक्कं." कपिल वाढाची बालटी घेऊन पुढच्या पंगतीकडं गेला.

तं अशी यांची नोकरी राह्यली. आता हे दिवसभर ऑफिसात बसून 'होय', नाई तं 'नाई' दाबते, अन् ओरडणं उरते ते घरी आणते. मले लय बरं वाटते. काळजी करू नको, आता सारं माणसाच्या हाती आहे.

तुही,
निशिगंधा

ता.क. खरं काम राह्यलंच. तो कडबा अन् ढेप अजून आमच्याच घरी आहे. मालक म्हणते, पाहुण्यायसाठी आलेलं परत कसं घेऊ. पोट्टीचा पाळणा पोत्यायवर बांधला, आम्ही कडब्यावर झोपतो, यांले शिंका येते. राळेगावले तुह्याजवळ बैलं आहेत. भाऊजीले सांगून कसंही कर अन् हे घेऊन जा. मालकाच्या गाडीचं नाव काढाची माही हिंमत नाई.

ता.क. दुसरा. ताई, पत्र पाकिटात घालाच्या आधी, तुह्या गावचा पिनकोड एजंटाले विचाराले, यांनी पत्राचा फोटो फोनमंदी काढला. एजंटानं सारं पत्र वाचलं. ढेपीसाठी गाडी काढू का विचारलं, अन् पत्रात तीनदा "आवतन घ्या" आहे म्हणून ड्रायव्हरायले तुह्याकडं जेवाले धाडू का, तेही विचारलं. 'होय' कोणी दाबलं ते विचारू नको. फोनले अजूनही लोण्याची चव आहे अन् पोट्टीले दात येऊन राह्यले. मालकाले तं बिलकुल कळू देऊ नको. हे पत्र त्याच गाडीनं येऊन राह्यलं, फुलचंदच्या हाती. तो तुह्या दारात उभा आहे तवर डाळ भिजू घाल. मांगच्या गाड्या जराशा हळू येते.