गाडीचं अॅव्हरेज

नागसेनदादा,

उद्या शोरूममध्ये भांडाले जाऊ नको. इंजिनात काहीच बिघाड नाही. तू कंपनीच्या बसनं हिंगण्याले गेला की आई दुपारी आपल्या गाडीत मागच्या सीटवर एसी लावून बसून राहते. अॅव्हरेज त्याच्यानंच कमी होऊन राहिलं. आज मीच पाहिलं. बाहेरची साडी नेसलेली, पर्स मांडीवर.

मी म्हटलं, "आई वं, घरात कूलर आहे नं?"

तर म्हणे, "या सीटवर कंबर दुखत नाही." मग हळूच म्हणे, "अन् बसलं की वाटते, नागसेन मले कुठंतरी घेऊन चालला."

मी ड्यूटीवर चालली. भाजी झाकून ठेवली आहे. रविवारी तिले काही विचारत बसू नको. फक्त हॉर्न वाजव, ती तयारच असते.

प्रीती